दमट हवेच्या घरात मुलांची खेळणी लावताना

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या जांभ्या दगडाच्या चिरेबंदी घरात सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा यांना मिळून एकच खोली आहे. ती खोली रोज संध्याकाळी चालण्याजोगी करणे हे बरेच दिवस माझ्या एकटीचेच काम होते. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालू असताना मी ठरवले, की पाऊस लागण्यापूर्वी खेळण्यांची व्यवस्था लावायचीच. नवे कपाट घ्यायचे नव्हते. मुले खेळणे स्वतः काढतील आणि स्वतःच जागेवर ठेवतील, अशी मांडणी मला हवी होती, आणि पुढचा प्रत्येक निर्णय मी याच कसोटीवर घेतला.

आधी वसरीवर चादर अंथरून घरातली सगळी खेळणी तिच्यावर ओतली. मोडलेली आणि अर्धे भाग हरवलेली खेळणी बाजूला काढली. उरलेल्यांचे ढीग मात्र रंग किंवा आकार पाहून न करता वयानुसार केले, कारण धाकटा अजून हाती येईल ते तोंडात घालतो. मणी, लेगोचे बारीक तुकडे आणि बाहुल्यांचे इवलेसे बूट थोरलीच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत गेले. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारी खेळणी मी विशेष लक्ष देऊन तपासली. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून ज्यांच्या सेलचे झाकण स्क्रूने बंद होत नव्हते, ती खेळणी घरात ठेवलीच नाहीत. लगेच वापरात न येणाऱ्या खेळण्यांतले साधे सेलही काढून ठेवले. ते तसेच राहिले तर पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात.

त्यानंतर प्रश्न आला तो ठेवायचे कशात हा. पुठ्ठ्याची खोकी फुकट मिळतात, आणि कोरड्या हवेच्या गावात मी तीच सुचवली असती. पण गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या हवेत पुठ्ठा ओल धरून मऊ पडतो, आणि कसर व वाळवी यांना आयते आमंत्रण मिळते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांबूच्या सुरेख टोपल्या मिळतात आणि त्यांत हवा खेळती राहते. तरी ऊन नसेल तेव्हा त्यांनाही बुरशी धरते. म्हणून एकच टोपली घेतली आणि तीत कापडी चेंडू व बाहुल्या ठेवल्या. बाकी सगळ्यांसाठी भाजीवाले वापरतात तसे जाळीचे प्लास्टिक क्रेट आणले. ते धुता येतात, त्यांत ओल साचत नाही आणि आत काय आहे ते बाहेरून दिसते. लहान वस्तूंना आइस्क्रीमचे रिकामे डबे पुरले. मेस्तांच्या, म्हणजे सुताराच्या, मजुरीसह सगळा खर्च दीड हजार रुपयांच्या आत बसला.

सासूबाईंचे म्हणणे होते, की माळ्यावरची मोठी लाकडी पेटी काढावी, म्हणजे सगळे एकाच जागी झाकून राहील. पसारा झाकला जाईल हे खरे. पण मोठ्या पेटीत हवे ते खेळणे नेमके तळाशी असते आणि ते शोधताना मूल पेटी उपडी करते. शिवाय तिचे जड झाकण लहान बोटांवर किंवा डोक्यावर पडण्याची भीती असते. ही भीती सासूबाईंना लगेच पटली, आणि त्यांनीच माळ्यावरची एक बुटकी, उघडी फळ्यांची मांडणी काढून दिली. धाकट्याचे क्रेट तिच्या खालच्या फळीवर आणि थोरलीचे डबे वरच्या फळीवर ठेवले.

फळी वर असली की मूल चढणार, आणि मूल चढले की मांडणी पुढे कलंडू शकते. म्हणून ती भिंतीला बांधून घेणे मला अत्यावश्यक वाटले. आमच्या मेस्तांनी भिंतीवर बोट आपटून पाहिले आणि म्हणाले, “वहिनी, साधा प्लग चिऱ्यात धरणार नाही, भुगा होऊन सुटेल.” त्यांनी चिऱ्यात खोल जाणारे लांब प्लग मारून दोन एल-पट्ट्या बसवल्या. जुन्या चिऱ्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे, असे मला मनापासून सांगावेसे वाटते.

प्रत्येक क्रेटला मी त्यातल्या खेळण्याचा छापील फोटो लावला. नुसता डिंक पावसात सुटतो, म्हणून फोटो चारही बाजूंनी रुंद सेलोटेपने पूर्ण झाकला. धाकट्याला वाचता येत नाही, पण गाडीचे चित्र त्याला कळते. हातातली गाडी तो आधी चित्रावर टेकवतो, दोन्ही सारख्या आहेत याची खात्री करतो आणि मगच आत सोडतो. ‘आवरा’ असे ओरडून जे कधी साधले नव्हते, ते या फोटोंनी साधले. जिन्नस मोजके ठेवल्याचाही त्यात वाटा आहे: गाड्या, ठोकळे, प्राणी, भातुकली, एवढेच. याहून बारीक वर्गवारी मोठ्यांना आवडते, मुलांना ती पाळता येत नाही.

सगळी खेळणी एका वेळी बाहेर ठेवत नाही. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिले होते, आणि कमी खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली होती. आमच्याकडेही तसेच दिसले. उरलेली खेळणी सासूबाईंच्या त्याच पेटीत, मुलांच्या हाताबाहेर असतात आणि अधूनमधून अदलाबदल होते. पेटीत डांबरगोळ्या टाकत नाही, कारण त्यांतले नॅफ्थलीन मुलांना विषारी आहे. पेटी आठवड्यातून एकदा उघडून पंख्याखाली ठेवते.

गोव्यातल्याच कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांची आणि सावंतवाडीची लाखेची लाकडी खेळणी आम्ही पाण्याने धूत नाही, कोरड्या सुती फडक्याने पुसतो. कापडी खेळणी मे महिन्याच्या कडक उन्हातच धुऊन घ्यावी लागतात, कारण जुलैत धुतलेले अस्वल आतून वाळतच नाही. वाळूची घमेली आणि फावडी वसरीच्या खांबाला जाळीच्या पिशवीत टांगली आहेत, म्हणजे पाणी निथळून जाते आणि डासांना अंडी घालायला जागा राहत नाही.