फोटोतल्या बाईला काय मिळतं?

प्रदर्शन असो की लग्नाची पंगत, मला हमखास कुणीतरी विचारतं, ‘‘गरिबांचे फोटो काढता, त्यातून त्यांना काय मिळतं?’’ तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. बहुतेक वेळा काहीच नाही.

मिरचीच्या हंगामात नागपूरच्या कळमना बाजाराकडे बायका ढिगाला बसून देठ खुडतात. नाकाला पदर, तरी ठसका लागतोच. हातांची आग रात्रीपर्यंत जात नाही, घरी गेल्यावर लेकराला जवळ घ्यायची चोरी. बारा वर्षांपूर्वी तिथल्या एका काकूंच्या फोटोला मला बक्षीस मिळालं. त्या पैशात मी लेन्स घेतली (खोटं कशाला बोलू) आणि मग कुठे प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेलो. काकूंनी फोटो पाहिला, शेजारणीला दाखवला नाही, पालथा करून मांडीखाली सारला. ‘‘आदी सांगतलं असतं तं धड लुगडं नेसून आली असती नं भाऊ.’’

आमच्या धंद्यातला सगळ्यात गाजलेला फोटो अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा. मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो. वाटाण्याचं पीक गेलेलं, मजूर उपाशी, तंबूत एक आई आणि तिला बिलगलेली पोरं. लँगनं तिचं नावच विचारलं नाही. फोटो पेपरात आल्यावर सरकारनं छावणीत धान्य पाठवलं, पण ती बाई तोवर तिथून निघून गेली होती. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव जगाला 1978 मध्ये कळलं. या फोटोतून आपल्याला एक पैसा मिळाला नाही, ही तिची तक्रार होती. फोटो सरकारी कामातला, त्यामुळे रॉयल्टी लँगलाही नव्हती. पण नाव लँगचं झालं. लँग मला आवडते, तरी हे खुपतंच.

काकूंच्या त्या बोलण्यापासून मी आधी वहीत नाव लिहून घेतो, मग कॅमेरा काढतो. याने पोट भरत नाही कुणाचं, मला ठाऊक आहे. आणि लोक मागतात तरी काय? पासपोर्ट साइज.

परवा त्याच काकूंनी बोलावलं. निराधारच्या अर्जाला फोटो हवे होते. गोदामाच्या चुन्याच्या भिंतीपुढे स्टूल ठेवलं. काकू हिरवं लुगडं नेसून आलेल्या, घडीच्या रेघा तशाच दिसत होत्या. मी कॅमेरा उचलला तशा म्हणाल्या, ‘‘थांबा नं भाऊ, डोये पुसू द्या. मिरची हाये.’’

आठ कॉप्या दिल्या.