फणसाचा चीक आणि डेन्मार्कचा हँडबॉल

डेन्मार्कातल्या ऑर्हूसहून सुट्टीवर गुहागरला आलोय. मे 2025, घामाच्या धारा, पडवीत काका कापा फणस फोडतायत. हाताला खोबरेल न लावताच मी गरे काढायला बसलो आणि बोटं एकमेकांना चिकटली. "तिकडे राहून एवढंही विसरलास?"

म्हटलं, काका, तिकडे लोक मुद्दाम हात चिकट करून घेतात. हँडबॉल, म्हणजे हाताने चेंडू गोलात मारायचा खेळ, खेळणारे बोटांना पाइनची राळ लावतात, म्हणजे चेंडू एका हातात घट्ट बसतो. नवीन असताना मीही हौसेने लावली होती. दाराची मूठ, मोबाइल, पँट, सगळ्याला चीक. उतारा तिथेही तेलाचाच.

मग विषय निघालाच. डेन्मार्कची वस्ती 60 लाखांच्या आसपास. आपले रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग धरून 2011 च्या जनगणनेत 51 लाख झाले होते, त्याहून थोडी जास्त. एवढ्याशा देशाच्या पुरुष संघाने 2019, 2021, 2023 आणि 2025 असे ओळीने चार विश्वचषक जिंकले, आणि या चारही स्पर्धांत एकही सामना हरले नाहीत! 2025 च्या अंतिम सामन्यात क्रोएशियाला 32-26 ने हरवलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात तर जर्मनीला 39-26. त्यांचा मोठा खेळाडू मिकेल हान्सेन त्यानंतर निवृत्त झाला, तरी काही अडलं नाही. गोल करायला माथियस गिडसेल आहे.

गंमत पुढेच आहे. याच संघाला युरोपची स्पर्धा 2012 नंतर मे 2025 पर्यंत जिंकता आलेली नव्हती. 2024 मध्ये अंतिम फेरीत पोचले, पण जादा वेळेत फ्रान्सने 33-31 ने हरवलं.

"त्यात काय नवल?" काका म्हणाले. तरुणपणी ते कबड्डी खेळायचे, चढाईला जायचे. "बाहेरगावी मी पाच-पाच गडी मारून यायचो. पण शेजारच्या वाडीतल्यांना माझा पाय कुठून येतो ते पाठ होतं. तिथे लोळवायचे."

मला हे पटलं. विश्वचषकात सुरुवातीला दुबळे संघ भेटतात, दमलेल्यांना बसवता येतं. युरोपात तेवढी उसंत नाही, शिवाय बरेच जण जर्मनीच्या लीगमध्ये वर्षभर एकमेकांना धडकत असतात. पुढची युरोप स्पर्धा जानेवारी-फेब्रुवारी 2026 मध्ये डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वेत होणार होती आणि अंतिम सामना हेर्निंगला, म्हणजे घरच्या अंगणात. म्हटलं, मी तर डेन्मार्कवरच पैज लावेन.

काकांनी आठिळा बाजूला काढल्या. "तो गिडसेल कुठल्या पायावर उडी मारतो?"

"डावखुरा आहे, म्हणजे बहुतेक उजव्या."

"मग उडी मारायच्या आधीच मागून धरायचा."

"मागून धरलं तर 2 मिनिटं बाहेर बसवतात, काका."

"दोनच? बसेन की."