बोळ सात फुटांचा, वाडा साठ फुटांचा

आमचा स्टुडिओ सांगलीच्या खणभागात. पासपोर्ट, लग्न, बारसं, शाळेचे वर्गफोटो हे वडिलांपासूनचं काम. मोबाईल आले तशी गिऱ्हाइकं आटली. सगळ्याच स्टुडिओंचं झालं, आमचं काही वेगळं नाही.

२०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. पाणी ओसरल्यावर गावभागातले एक काका दुकानात आले. वाडा पाडायचं भावाभावांत ठरलं होतं. म्हणाले, "त्याआधी अख्खी पुढची बाजू एका फोटोत घे की रे."

हो म्हणून बसलो आणि जागेवर जाऊन फसलो. समोरच्या घराला पाठ लावली तरी एक दरवाजा आणि एक खिडकी, एवढंच दिसे. मोबाईलवर पॅनोरामा फिरवला, तर ओटा मधे पोट सुटल्यासारखा खाली आला आणि वळचण वर चढली. एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवला की चित्र नळकांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवल्यासारखं होतं, समोरची सरळ भिंत त्यात वाकणारच.

मग उलटं केलं. कॅमेरा फिरवायचा नाही, आपणच चालायचं. १६ मिमीची लेन्स, कॅमेरा उभा, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअलवर, दर दोन फुटांना एक फोटो. वाडा एकमजली होता म्हणून निभावलं. असे ३१ फोटो 'हगिन' या फुकटच्या सॉफ्टवेअरवर जोडायला घेतले. भिंत नीट जुळली, पण भिंतीच्या पुढे आलेलं काहीच जुळेना. ओट्यावरची तुळस दोनदा आली, स्कूटर अर्धीच. (जुना सर्कट कॅमेरा हळूहळू फिरत लांबलचक फोटो काढायचा, तेव्हा पोरं मागून पळत जाऊन एकाच वर्गफोटोत दोनदा यायची, इथं कुंडी जागची हललीही नव्हती.) शेवटी सांधा कुठं आणायचा ते कळलं. कोऱ्या गिलाव्यावर, नाहीतर पन्हळीच्या पाइपाच्या कडेला.

पण सरळ आलंय की नाही, हे कशावरून ठरवायचं? ओटा खचलेला, चौकट कललेली. जुन्या वाड्यात काटकोन सापडला तर नशीब. हिनं स्क्रीनवर बोट ठेवलं: "ती रेघ बघा ना." छातीइतक्या उंचीवर पुराच्या गाळाची तपकिरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाण्यानंच मारलेली पाणसळ! तिच्यावर एकेक फोटो बसवत गेलो आणि वाडा जागेवर आला.

पहिला प्रिंट मात्र वाया गेला. छापणाऱ्यानं फ्रेमच्या मापात बसवायला तो उभा ताणला. काका म्हणाले, "एक मजला फुकट चढवलास की!" दुसरा प्रिंट आमच्या खर्चानं.

तोंडोतोंडी कामं येत गेली. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं मूळ घराचा फोटो मागतात. हळदीच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांची एक अख्खी ओळ केली, रविवारी पहाटे, दुचाक्या लागायच्या आत. वाड्याच्या आतल्या चौकात मात्र कॅमेरा फिरवावाच लागतो. त्यासाठी कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमची पट्टी करून घेतली. कॅमेरा तिच्यावर मागंपुढं सरकवत, फिरवून बघायचं. खिडकीचा गज आणि लांबचा विजेचा खांब एकमेकांपासून सरकेनासे झाले की ती जागा खरी, तिच्याभोवती फिरवून काढलेले फोटो जुळतात. तिथं खूण करायची. हे न करता चौकातले खांब जोडायला बसलात तर रात्र जाते. आमच्या बऱ्याच गेल्या.

लोक सांगतात, तारा काढा, पुराची रेघ पुसा. तारा काढतो. रेघेवरून मी वाद घालतो, मग ही मधे पडते आणि पुसायचे वेगळे पैसे सांगते. बहुतेकजण रेघ राहू देतात.

काकांच्या जागेवर आता इमारत झालीय, खाली नुसतं पार्किंग. वाड्याचा फोटो दुसऱ्या मजल्यावर लिफ्टसमोर लावलाय. खाली का नाही लावला, विचारलं तर म्हणाले, "परत भिजवायचाय काय?"