आमची वाटचाल: सायकल विकण्यापासून ती चालती ठेवण्यापर्यंत

पर्यावरण वाचवायचं म्हणून सायकल दुरुस्तीचा धंदा कुणी काढत नाही. आम्हीही काढला नव्हता. हातात पाना धरायची सवय होती आणि दुरुस्तीला सायकली येत होत्या, एवढंच भांडवल. पण एक गोष्ट सारखी खटकायची. ओव्हरहॉलिंग करून चकचकीत केलेली सायकल काही महिन्यांनी पुन्हा यायची, ती चेन गंजून आणि टायर बसून. वापरून झिजली असती तर हरकत नव्हती. ती न वापरता खराब झालेली असायची. मालक मात्र रोज पेट्रोल भरतच असायचा, आणि तेही बरेचदा चार-पाच किलोमीटरच्या कामांसाठी.

का वापरत नाही, असं विचारलं की उत्तरं ठरलेली. चढ आहे, घाम येतो, सामान असतं. आणि शेवटी जरा हळूच, "मध्येच बंद पडली तर?" पहिल्या तिन्हींवर मोटर हे उत्तर होतं. चौथ्याचं उत्तर शोधण्यातच कंपनी उभी राहिली, असं आज मागे वळून म्हणता येईल.

चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, मोटर बसवणं ही काही नवी कल्पना नाही. ऑग्डेन बोल्टनने 1895 सालीच त्याचं अमेरिकन पेटंट घेतलं होतं. घोडं अडलं होतं बॅटरीपाशी. आम्ही सुरुवातीला लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवल्या. बारा व्होल्टच्या तीन जोडल्या की बारा-एक किलो वजन नुसतं कॅरिअरवर. वळणावर सायकल मागून झोकांडी खायची, आणि चार्जिंग संपलं की ती पेडल मारत घरी नेणं ही शिक्षाच. लिथियम-आयनच्या बॅटऱ्या बाजारात 1991 पासून आहेत, पण आमच्यासारख्यांच्या हाती त्या फार उशिरा आल्या. तेवढीच ऊर्जा तीन किलोच्या आसपास वजनात मिळायला लागली तेव्हा साध्या सायकलला मोटर जोडणाऱ्या किटचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

किट बसवायला दोन तास पुरतात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चाक आणि कंट्रोलर जोडून होईल दोन तासांत. पण मोटर चाकाला पुढे ढकलते तेव्हा तेवढ्याच जोराने ॲक्सल उलटं फिरू बघतो. फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, खाचेत त्याला धरून ठेवतं काय, तर दोन नट. ॲल्युमिनियमची खाच हळूहळू फाकते, नट सैल होतो, ॲक्सल फिरतो आणि आतून येणाऱ्या वायरींना पीळ बसून त्या तुटतात. चाक निसटलं तर त्याहून वाईट. म्हणून टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सलला फिरू न देणारी पट्टी, लावल्याशिवाय एकही सायकल आमच्याकडून बाहेर पडत नाही, आणि कार्बनच्या फोर्कमध्ये पुढची मोटर आम्ही बसवतच नाही. यावरून काही गिऱ्हाइकं रागावून गेली. जाऊ देत.

मग हिशेबाची वेळ आली, कारण लोक विचारतात आणि विचारायलाच हवं. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट विजेइतकी ऊर्जा असते आणि ते जळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला 50 किलोमीटर देणारी दुचाकी म्हणजे किलोमीटरमागे 46 ग्रॅम. लिटरला 15 देणारी मोटार 150 ग्रॅमच्या वर. पेडल मारत चालवलेली इलेक्ट्रिक सायकल किलोमीटरला 10 ते 15 वॅट-तास घेते. ती वीज निव्वळ कोळशावरची धरली, म्हणजे युनिटमागे एक किलो, तरी आकडा 15 ग्रॅमच्या वर जात नाही. बॅटरी तयार करण्याचा खर्च यात नाही, हे आम्ही स्वतःहून सांगतो. म्हणूनच बॅटरी जितकी जास्त वर्षं टिकेल तितकं बरं. "वीज तरी कुठून येते?" हा प्रश्न फेकून जिंकल्यासारखं हसणाऱ्यांना कागद-पेन्सिल देतो.

यात छोट्या फेऱ्यांचा मुद्दा लोकांच्या ध्यानात येत नाही. थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं. त्यात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. दोन किलोमीटरवर जाऊन गाडी बंद केली तर तो तापेपर्यंत प्रवास संपलेला असतो. म्हणजे जी फेरी सायकलवर सगळ्यात सहज हलवता येते, तीच पेट्रोलवर सगळ्यात घाण पडते. त्यामुळे आमच्याकडे कुणी आलं की आधी मॉडेल दाखवत नाही. आठवडाभराच्या फेऱ्या लिहून आणायला सांगतो: कुठे, किती लांब, सोबत कोण, सामान काय. यादी बघून काहींना सरळ सांगतो की तुम्हाला आमच्याकडून काही घ्यायची गरज नाही. बस आणि पाच मिनिटं चालणं पुरेल. काहींच्या लांब पल्ल्यासाठी रेल्वे आणि स्टेशनपर्यंत घडीची सायकल. भागीदाराला हे सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं, आणि धंद्याच्या दृष्टीने त्याचं चुकत होतं असंही नाही. पण परत पाठवलेली माणसंच पुढे इतरांना घेऊन आली.

आता त्या चौथ्या प्रश्नाकडे. एका पुरवठादाराच्या बॅटऱ्या निम्म्या रस्त्यात बंद पडायला लागल्या. डिस्प्लेवर अर्धं चार्जिंग दिसतंय आणि मोटर गप्प. एक पॅक उघडला. आत चाळीस सेल, चार-चारचे दहा गट एकामागे एक जोडलेले. मल्टीमीटर लावत गेलो: 3.8, 3.8, 3.8, आणि सातव्या गटावर 2.9. निकेलच्या पट्टीचं एक वेल्डिंग नुसतं टेकलेलं होतं, नखाने उचललं तर उठलं. चार सेलचा भार तिघांवर पडत होता. बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सगळ्यात कमजोर गटाकडे बघून वीज तोडतं आणि तेच बरोबर आहे, पण गिऱ्हाईक रस्त्यात उभं असतं त्याचं काय? पुरवठादार म्हणाला, पूर्ण पॅक पाठवा, बघू. त्या 'बघू'त आठवडे जातात, आणि तेवढ्या काळात माणूस पुन्हा पेट्रोलच्या गाडीवर बसतो. एकदा बसला की उतरत नाही.

तेव्हापासून विक्री हा आमचा दुय्यम धंदा झाला. मासिक वर्गणीवर देखभाल सुरू केली. पंक्चर, ब्रेकशू, चाकाची आउट काढणं (वाकडं फिरणारं चाक सरळ करणं), चेन धुऊन तेल, टायरची हवा आणि बॅटरीच्या प्रत्येक गटाची नोंद. दुरुस्ती लांबली तर तोवर दुसरी सायकल. पॅक आम्हीच बांधायला लागलो. जास्त करून लिथियम आयर्न फॉस्फेट या लिथियम-आयनच्याच एका प्रकारचे, कारण थोडे जड असले तरी उष्णता आणि चार्जिंगच्या आवर्तनांना ते चांगले टिकतात. वर्गणीदार झाल्यावर सायकली खरोखर चालायला लागल्या. कसं कळलं? चेन ताणल्या, ब्रेकशू संपले, टायर गुळगुळीत झाले. न वापरता गंजून येणारी सायकल हल्ली क्वचितच दिसते.

अडचणी आहेतच. जुने सेल पुनर्प्रक्रियेला देताना वाहतुकीचे नियम आडवे येतात, म्हणून ते सुट्टे न ठेवता टोकांना चिकटपट्टी लावून वाळूच्या पेटीत साठवतो. मालवाहू सायकलींची मागणी खूप आहे, पण त्यांची मागची चाकं आमच्या नेहमीच्या स्पोकवर टिकत नाहीत. जाड स्पोकवर काम चालू आहे.

आणि सध्या सगळ्यात मोठी टंचाई माणसांची आहे. चाकाची आउट काढता येणारा माणूस मल्टीमीटरला घाबरतो, आणि मल्टीमीटरवाला ग्रीसमध्ये हात घालत नाही. दोन्ही शिकायची तयारी असलेलं कुणी असेल, मुलगा असो की मुलगी, तर आम्हाला हवं आहे. शिकवू आम्ही. पहिले काही महिने फक्त चाकं आणि पंक्चर, बॅटरीला हात त्यानंतर.