हॉटन-ले-स्प्रिंगचे शँक्स मास्तर

इंग्लंडमधल्या डरहॅमला आलेले बहुतेक पर्यटक कॅथेड्रल बघतात, नदीकाठी फेरफटका मारतात आणि एडिनबराच्या गाडीत बसतात. मी मात्र संडरलंडकडे जाणारी बस धरली आणि वाटेत हॉटन-ले-स्प्रिंगला उतरले. हे जुनं कोळशाच्या खाणीचं गाव. खाण १९८१ साली बंद पडली. बघण्यासारखं फार काही आहे का म्हणाल, तर नाही. पण इथे विल्यम शँक्स मास्तरांची शाळा होती, आणि त्यांच्यासाठी मी याहून मोठा वळसाही घेतला असता.

शँक्सचा जन्म १८१२चा, नॉर्थम्बरलंडमधल्या कॉर्सेनसाइडचा. हॉटनला ते निवासी शाळा चालवत. ती सांभाळून, कागद-लेखणीच्या बळावर, त्यांनी ‘पाय’चे (वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, ३.१४१५९…) दशांश चिन्हापुढचे ७०७ अंक काढले. १८५३ साली ६०७ अंकांपर्यंतचं पुस्तक वर्गणीदार जमवून छापलं, आणि १८७३ साली वयाच्या साठीत आणखी शंभर अंक पुढे नेले. सकाळी नवे अंक काढायचे, दुपारी तेच तपासायचे, असा त्यांचा शिरस्ता होता असं सांगतात.

सेंट मायकल चर्चबाहेरच्या बाकावर बसून मी त्यांची रीत वहीत करून पाहिली. सूत्र जॉन मेशिनचं, १७०६ सालचं. त्यात ५ची आणि २३९ची अशा दोन मालिका, पहिलीतून दुसरी वजा करायची. १६ला ५ने भागायचं: ३.२. मग दर पायरीला आणखी २५ने भागत जायचं, आलेल्याला क्रमाने ३, ५, ७ अशा विषम संख्यांनी भागायचं, आणि एकदा वजा, एकदा अधिक करत राहायचं. ३.२मधून ०.०४२६६६७ गेले, ०.००१०२४ आले. आता दुसरी मालिका, २३९ची. तिचं पहिलंच पद ४ भागिले २३९, म्हणजे ०.०१६७३६४. ते वजा केलं की ३.१४१६२! चार पदांत पहिले तीन दशांश अंक बरोबर. मला इतका आनंद झाला की शेजारून जाणाऱ्या आजी थबकून हसल्या.

पण ७०७ अंक हवे असतील तर पाचच्या मालिकेची पाचशेच्या आसपास पदं लागतात, २३९ची दीडशेच्या आसपास. प्रत्येक भागाकार शेकडो अंकांचा. एक हातचा चुकला की पुढचं सगळं वाया. हे सगळं मास्तरांनी मुलांचा अभ्यास घेता घेता केलं.

आणि एक चूक राहिलीच. १९४६ साली डी. एफ. फर्ग्युसन यांनी वेगळं सूत्र वापरून काढलेली किंमत प्रसिद्ध केली, तेव्हा शँक्सचा ५२८वा अंक जुळेना. तिथून पुढचे १८०च्या १८० अंक बाद. तोवर पॅरिसच्या पॅले द ला देकुव्हर्तमधल्या ‘पाय’च्या दालनात ते अंक दिमाखात झळकले होते, १९४९मध्ये दुरुस्त करावे लागले. खटकलं मात्र एकाला आधीच होतं. आपल्या मदुराईत जन्मलेले गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी पहिल्या ६०७ अंकांत ७ फक्त ४४ वेळा आल्याचं टिपून ठेवलं होतं. सरासरीने ६१च्या आसपास यायला हवेत.

शँक्सचं नाव निघालं की लोक हीच चूक सांगतात आणि ‘बिचारा’ म्हणून हळहळतात. मला हे अजिबात पटत नाही. त्यांचे गुरू विल्यम रदरफर्ड यांनी १८४१ साली २०८ अंक काढले, त्यातले १५२ बरोबर होते. शिष्याचे ५२७ बरोबर आहेत! त्यापुढे जायला जगाला सत्तरहून जास्त वर्षं लागली. ५२७ अंक हाताने बिनचूक काढणाऱ्या माणसाला बिचारा कसं म्हणायचं?

शिवाय त्यांचं काम ‘पाय’वर संपत नाही. १/७ लिहा: ०.१४२८५७ आणि पुन्हा तेच सहा अंक. १/१७ला सोळा अंकांनी फेरा पूर्ण होतो. एक लाखाच्या पुढच्या मूळ संख्यांपर्यंत प्रत्येकीचा फेरा किती अंकांचा, याचं कोष्टक शँक्सनी तयार केलं. इथे मला आपले देवळालीचे कापरेकर मास्तर आठवले. शाळेत शिकवता शिकवता ६१७४ची गंमत (चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४च उरते) शोधणारे, आवर्ती दशांशांत असेच रमणारे. दोघांची भेट व्हायला हवी होती, असं वाटत राहिलं. पण शँक्स १८८२ साली गेले आणि कापरेकर जन्मले १९०५ला.

शँक्सचं दफन इथल्या हिलसाइड दफनभूमीत झालं. चुनखडीच्या जुन्या खाणीत, उतारावर वसलेली ही जागा. खालून डोंगर कापून काढलेला डरहॅम-संडरलंड रस्ता जातो, गाड्यांचा आवाज सतत येत असतो. झाडोरा माजलेला, दगडांवरची अक्षरं झिजलेली. मी उतारावर उभं राहूनच नमस्कार केला.

जाणार असाल तर डरहॅम किंवा संडरलंडहून बस मिळते, गावात रेल्वे नाही. सेंट मायकल चर्च उघडं असेल तर आत जा. सोळाव्या शतकातले इथले धर्मगुरू बर्नार्ड गिल्पिन यांची कबर तिथे आहे. गावात शाळा काढण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ऑक्टोबरात गेलात तर हॉटन फीस्टची जत्राही सापडेल. दफनभूमीकडे जायचं तर बूट मात्र चांगले घाला, पावसानंतर चढ निसरडा होतो.