३४ टक्के

प्रबंधाला पाच वर्षं लागली, त्याचं काही वाटलं नाही. पण तयार प्रबंध एका आकड्यापायी साडेतीन महिने अडकून पडला, तो राग अजून गेलेला नाही.

विषय सत्यशोधक चळवळीतली पत्रकं आणि पदं. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेल्या 'दीनबंधू' या वृत्तपत्रापासून पुढचं लेखन. नोंदणी, कोर्सवर्क, सिनॉप्सिस सगळं वेळेत झालं. मग ग्रंथालयात प्लेजिअरिझमची, म्हणजे वाङ्मयचौर्याची, सॉफ्टवेअरने तपासणी झाली आणि रिपोर्ट हातात आला: साम्य ३४ टक्के.

मी हादरलेच. रात्री एकेक पान उलटून पाहिलं. लाल झालेला मजकूर बहुतेक सगळा मी दिलेल्या उताऱ्यांचा होता. जोतीराव फुल्यांचे 'अखंड', म्हणजे त्यांच्या अभंगासारख्या पद्यरचना, लाल, सत्यशोधक लग्नातली मंगलाष्टकं लाल. खाली तळटीप, तीत साल आणि पान, तरी लाल. संदर्भसूचीसुद्धा लाल.

काउंटरवर उत्तर मिळालं, "मॅडम, उतारे तुमच्या शब्दांत लिहा, टक्के उतरतील." अखंड माझ्या शब्दांत? अहो, एकोणिसाव्या शतकातली ती भाषा हेच माझं साधन! तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा हेच ऐकलं.

शेवटी मार्गदर्शक सरांनी यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१८ ची नियमावली पुढ्यात ठेवली. मर्यादा १० टक्के आहे खरी, पण श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश मोजणीतून वगळायचे असतात. म्हणजे मोजणीच चुकली होती. त्या ओळीखाली रेघ मारून लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला. तो घ्याच, तोंडी बोलणं कुणी लक्षात ठेवत नाही. त्यावरही दीड महिना गेला.

एक चूक माझीही होती. लांब उतारे मी अवतरणचिन्हांशिवाय, नुसता समास सोडून दिले होते. सॉफ्टवेअरला ते उतारे म्हणून कळलेच नाहीत. चिन्हं पहिल्या प्रकरणापासून घाला. आणि हो, टायपिंग युनिकोडमध्येच करून घ्या. माझं एक प्रकरण जुन्या फॉन्टमध्ये होतं. तपासणीत त्याची अगम्य अक्षरं झाली, सगळं पुन्हा टाइप केलं.

दुसरा रिपोर्ट ६ टक्क्यांचा आला. त्याच दुपारी प्रबंध जमा केला. त्यात एकही अखंड बदललेला नाही. जुने ऱ्हस्व-दीर्घसुद्धा जसेच्या तसे आहेत.