दुकानात गिऱ्हाईकांसाठी वेगळं वायफाय केलं, त्याचा माझा अनुभव

आमचं चपलांचं दुकान कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ, जुन्या दगडी इमारतीत. भिंती एवढ्या जाड की आतल्या बाजूला मोबाईलला रेंजच येत नाही. अंबाबाईचं दर्शन घेऊन आलेलं गिऱ्हाईक कापशी चप्पल पायात घालून बघतंय, पसंत पडती, आणि यूपीआय करताना स्क्रीनवर नुसतं गोल फिरत बसतंय. मग मी आमच्याच वायफायचा पासवर्ड सांगायचो, दोन वर्षं असाच सांगत आलो.

दिवाळीत भाचा आला होता, दुकानात बसल्या बसल्या फोन पुढं करून म्हणाला, "मामा, ही तुमची उधारीची फाईल ना?" बिलिंगच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर शेअर करून ठेवलेलं, त्यात लोकांची नावं, नंबर, कारागिरांची देणी, सगळं त्याच्या फोनवर उघडलेलं. पोटात गोळाच आला. लोकांनी विश्वासानं दिलेले नंबर आहेत ते. वर २००८ चं आठवलं, अहमदाबादच्या स्फोटांवेळचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वायफायवरून गेलेला आणि पोलीस आधी त्या घरी पोचले होते.

त्याच रात्री शटर ओढून बसलो. राऊटरचं (वायफायच्या डब्याचं) सेटिंगचं पान उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं, युजरनेम अॅडमिन, पासवर्ड पण अॅडमिन, कनेक्शन जोडणाऱ्यानं तसंच ठेवून दिलेलं. ते आधी बदललं. मग दुसऱ्या नावाचं वायफाय चालू केलं आणि वाटलं झालं काम. भाचा म्हणाला थांबा, बघूया, आणि नव्या वायफायवरून त्यानं डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीचं पान उघडून दाखवलं! म्हणजे नाव वेगळं असलं तरी आतून सगळं एकच. त्या डब्यात गेस्टला, म्हणजे बाहेरच्या माणसाला, वेगळं ठेवायची सोयच नव्हती.

मग गेस्ट नेटवर्कवाला राऊटर आणला, आणि खरा घोळ इथं झाला, तेवढं नीट वाचा. नवा राऊटर जुन्या डब्याला जोडला, गेस्ट चालू केलं, 'लोकल नेटवर्क वापरू द्या' वरची टिक काढली, तरी डीव्हीआर दिसतोयच. अर्धा तास गेला. कारण असं की डीव्हीआरची वायर अजून जुन्या डब्यालाच होती, आणि नवा राऊटर फक्त स्वतःच्या आतल्या गोष्टी गेस्टपासून लपवतो, त्याच्या वर, म्हणजे जुन्या डब्याला, जे जोडलंय ते त्याच्या लेखी इंटरनेटच. डीव्हीआर, बिलिंगचा कॉम्प्युटर, प्रिंटर सगळं नव्या राऊटरखाली घेतलं, त्याची आयपी, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, १९२.१६८.०.१ ठेवली म्हणजे दोन्हींची टक्कर नको, जुन्या डब्याचं वायफाय बंद करून टाकलं. तेव्हा कुठं डीव्हीआरचं पान उघडायचं थांबलं.

बाकीचं पटकन झालं. वायफायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवली, नुसतं त्याच्या पुढचं डब्ल्यूपीए३ केलं तर जुने फोन जोडतच नाहीत. गिऱ्हाईकांचे फोन एकमेकांना दिसू नयेत म्हणून आयसोलेशन चालू केलं, स्पीडला मर्यादा घातली. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) मात्र आठवणीनं बंद करा, त्याची आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, त्यामुळं जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडते, हे २०११ लाच उघड झालंय. आमच्या मेन वायफायचा पासवर्ड बदलला, कारण जुना लोकांच्या फोनात सेव्ह आहेच, आणि ते फोल्डर शेअर करणं बंद केलं.

गेस्टचा पासवर्ड दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, क्यूआर नवीन छापून गल्ल्याजवळ चिकटवतो. प्रोव्हायडरला पण विचारलंय की ह्या प्लॅनवर गिऱ्हाईकांना नेट दिलेलं चालतं का आणि ओटीपीनं ओळख घ्यावी लागती का, तिकडून लेखी उत्तर यायचंय. आलं की इथंच लिहितो.